वाणी थांबलेला आचार्य : इमाम गझाली

गुरूला भवरोगवैद्य म्हणण्याचा आपल्याकडे जुना प्रघात आहे. गुरुपौर्णिमेला आपण त्या वैद्याचे पूजन करतो. रोगाचे नाव मात्र घेत नाही. घरात कोणाला ज्वर आला तर शेजाऱ्यास सांगतो, डॉक्टरांकडे धाव घेतो. पण घरचा कर्ता पुरुष महिना महिना निद्रेवाचून तळमळू लागला, किंवा सून अन्न टाकून कोपऱ्यात बसून राहू लागली, की दार लोटून घेतो. त्यातून घर देवाधर्माचे असले तर दुखणेकऱ्याच्या माथी आणखी एक दोष येतो, की याची श्रद्धाच कोठे तरी उणी पडली असली पाहिजे. हा समज हिंदू घरांत आहे, तसाच मुसलमान घरांतही आहे. म्हणून आजच्या पर्वाला एका अशा आचार्यांचे चरित्र सांगावयाचे योजिले आहे, की ज्यांच्या विद्वत्तेविषयी वा निष्ठेविषयी शंका घेण्याची कोणाची छाती नव्हती, आणि तरीही ज्यांचे मन भर वैभवात मोडून पडले. इस्लामी जगताने ज्यांना हुज्जतुल इस्लाम, म्हणजे धर्माचे मूर्तिमंत प्रमाण, ही पदवी दिली ते अबू हामिद मुहम्मद अल् गझाली हेच ते आचार्य होत.

इराणच्या ईशान्येस खुरासान प्रांतात, आजच्या मशहद नगरीजवळ, तूस नावाचे प्राचीन नगर होते. शाहनामाकार फिर्दौसीचे गाव ते हेच. येथे परंपरेप्रमाणे इ. स. १०५८ मध्ये गझालींचा जन्म झाला. वडील लोकर कातून ती विकणारे, बेताच्या परिस्थितीतले, परंतु संतांच्या आणि विद्वानांच्या पायाशी बसण्याची मोठी आवड असलेले. अंतकाळ जवळ आला तेव्हा त्यांनी मुहम्मद आणि अहमद ही दोन्ही लेकरे एका सूफी स्नेह्याच्या स्वाधीन केली, जवळ होते नव्हते ते द्रव्यही त्याच्या हाती दिले आणि मुलांना शिकवा एवढीच विनंती केली. ते द्रव्य लवकरच सरले. स्नेही स्वतःच फकीर. त्याने मुलांना सांगितले की आता मदरशात जाऊन राहा, तेथे विद्या मिळेल आणि विद्येबरोबर दोन वेळचे अन्नही मिळेल. आपल्याकडे वार लावून जेवलेले आणि माधुकरी मागून वेद शिकलेले विद्यार्थी ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या प्रसंगाचे मर्म निराळे सांगावयास नको. ही मदरशांची अन्नछत्रे वक्फाच्या उत्पन्नावर चालत. वक्फ म्हणजे धर्मार्थ लावून दिलेली मिळकत; आपल्या देवस्थान इनामांसारखी. गझालींचा पिंड अशा धर्मार्थ अन्नावर पोसला गेला, हे पुढील कथाभागासाठी ध्यानात ठेवावे.

विद्यार्थिदशेतील एक आख्यायिका परंपरेने जपली आहे. जुर्जान येथे गुरूजवळ अध्ययन करून तूसला परतताना वाटेत दरोडेखोरांनी काफिला लुटला. त्यात गझालींच्या टिपणवह्यांचे गाठोडेही गेले. तरुण गझाली चोरांच्या मागे धावत गेले आणि म्होरक्याची काकुळतीने विनवणी करू लागले की या कागदांचा तुम्हांस काही उपयोग नाही, माझी तर सारी विद्या त्यांत आहे. म्होरक्या हसला. चोराने गाठोडे नेले म्हणजे जी विद्या जाते तिला विद्या म्हणायचे तरी कसे, असे विचारून त्याने गाठोडे परत दिले. गझालींनी पुढील तीन वर्षे त्या वह्या मुखोद्गत करण्यात घालविली. ज्याची विद्या कंठात आहे त्याला चोराचे भय नाही खरे. परंतु कंठच बंद पडला तर काय, हा प्रश्न त्या वेळी कोणाला सुचला नव्हता.

पुढे ते निशापूरला इमामुल हरमैन जुवैनी या महापंडिताचे शिष्य झाले. न्याय, धर्मशास्त्र, तर्क, वाद या सर्वांत त्यांची बुद्धी तलवारीसारखी चाले. १०८५ मध्ये जुवैनी निवर्तले आणि गझाली सेल्जुक सुलतानांचा महामंत्री निजामुल्मुल्क याच्या आश्रयास गेले. हा निजामुल्मुल्क मोठा विद्याप्रेमी आणि तितकाच धूर्त राजकारणी. त्याने ठिकठिकाणी स्थापिलेल्या विद्यालयांना त्याच्याच नावावरून निजामिया म्हणत. त्यांतील सर्वश्रेष्ठ म्हणजे बगदादचे. तेथील मुख्य आचार्यपद त्याने १०९१ मध्ये गझालींना दिले. वय अवघे तेहतीस. समोर तीनशे विद्यार्थी, खलिफाच्या दरबारात मान, अंगावर उंची वस्त्रे, आणि मुखातून शब्द निघताच तो टिपून घेण्यास अनेक लेखण्या सज्ज.

पण हे वैभव आतून पोखरलेले होते. निश्चित ज्ञान म्हणजे काय, डोळ्यांवर तरी विश्वास कसा ठेवावा, बुद्धीवर तरी का ठेवावा, या संशयाने त्यांना पूर्वी एकदा सुमारे दोन महिने ग्रासले होते. त्यातून आपण युक्तिवादाने सुटलो नाही, ईश्वराने हृदयात टाकलेल्या प्रकाशाने सुटलो, असे त्यांनी पुढे नमूद करून ठेविले आहे. बगदादला आल्यावर बाहेरची पडझडही सुरू झाली. १०९२ मध्ये निजामुल्मुल्कची हत्या झाली आणि काही आठवड्यांत सुलतान मलिकशाहही मृत्यू पावला. राज्यात भाऊबंदकी माजली. आणि या गदारोळात गझालींना स्वतःविषयीच एक प्रश्न छळू लागला : मी जे शिकवितो ते ईश्वरासाठी की कीर्तीसाठी? उत्तर त्यांना ठाऊक होते. म्हणूनच तो प्रश्न सुटत नव्हता. सकाळी बगदाद सोडण्याचा निश्चय करावा आणि सायंकाळी तो मोडावा. एक पाऊल पुढे टाकावे आणि दुसरे मागे घ्यावे.

असे जवळजवळ सहा महिने गेले. १०९५ च्या जुलैपासूनचा हा काळ. शेवटी निर्णय त्यांच्या हातात राहिला नाही. एके दिवशी शिकविण्यास बसले असता जीभ वळेना. विद्यार्थ्यांचे मन राखण्यासाठी एक दिवस तरी बोलावे म्हणून ते जिवाचा आटापिटा करीत, पण मुखातून शब्द फुटत नसे. ज्यांचे सारे जीवन वाणीवर उभे आहे त्यांनाच या संकटाची भीषणता कळेल. कीर्तनास उभे राहावे, समोर गाव लोटलेले असावे आणि गळ्यातून नमनाचा पहिला स्वरही उमटू नये, या कल्पनेनेच आम्हा हरिदासांच्या अंगावर काटा येतो. वाणी गेली, पाठोपाठ अन्न गेले. घोटभर कालवण घशाखाली उतरेना, उतरले तर पचेना. शरीर झिजत चालले.

वैद्य आले. ते सामान्य नव्हते. बगदाद हे त्या काळी वैद्यकाचे काशीक्षेत्र होते. तेथे दहाव्या शतकात बुवैही राजा अदुदुद्दौला याने बांधलेले प्रचंड रुग्णालय होते, आणि अशा बीमारिस्तानांचा खर्च वक्फातून व राजकोशातून चाले. वेड लागलेल्यांचीही तेथे व्यवस्था असे. गझालींच्या नंतर सुमारे पाऊणशे वर्षांनी बगदाद पाहून गेलेल्या तुदेला येथील बेन्यामिन या ज्यू प्रवाशाने लिहिले आहे, की या रोग्यांना शुद्ध येईपर्यंत साखळीने बांधून ठेवीत, त्यांचे अन्न खलिफाच्या घरून येई, दर महिन्याला अधिकारी येऊन कोण बरा झाला याची तपासणी करीत आणि बरे झालेल्यास घरी पाठवीत. साखळदंड वाचून मन कष्टी होते. परंतु त्यात अन्न फुकट होते, दरमहा तपासणी होती आणि घरी परतण्याची वाटही होती, हेही नजरेआड करू नये.

गझालींना तपासून वैद्यांनी जो निर्णय दिला तो आजच्या कोणा मानसोपचारतज्ज्ञालाही मान्य होईल असा आहे. हे दुखणे हृदयात उपजले असून तेथून शरीराच्या प्रकृतीत पसरले आहे. मनाला लागलेली चिंता जोवर सुटत नाही तोवर आमच्या औषधाचा इलाज नाही, असे सांगून त्यांनी हात टेकले. भूत लागले असे ते म्हणाले नाहीत, पाप भोवले असेही म्हणाले नाहीत.

नोव्हेंबर १०९५ मध्ये गझालींनी बगदाद सोडले. मक्केच्या यात्रेस जातो असे सांगितले; मनात सीरियाला जावयाचे होते. कुटुंबाच्या निर्वाहापुरते ठेवून बाकीचे द्रव्य त्यांनी वाटून टाकले आणि निजामियातील अध्यापन धाकटे बंधू अहमद यांच्यावर सोपविले. लोकांनी तर्क केले. कोणी म्हणाले राजकारणातून जीव वाचवून पळाले. काही आधुनिक इतिहासकारही निजामुल्मुल्कच्या मारेकऱ्यांचे भय हे कारण मानतात. असेलही. भीती आणि वैराग्य एकाच हृदयात शेजारी शेजारी राहतात, हे ज्याने मनुष्य पाहिला आहे त्याला नवे नाही. मला मात्र वैद्यांची साक्ष अधिक मोलाची वाटते, कारण राजकारणाच्या भीतीने माणूस पळतो. सहा महिने मुका होऊन उपाशी बसत नाही.

दमास्कसला ते सुमारे दोन वर्षे राहिले. उमय्या मशिदीच्या मनोऱ्यावर चढावे, दार आतून लावून घ्यावे आणि दिवसभर एकांतात चिंतन करावे, हा क्रम. तेथून जेरुसलेम, तेथून हेब्रॉन. हेब्रॉनला प्रेषित इब्राहीमच्या समाधीपाशी त्यांनी तीन प्रतिज्ञा केल्या : राजदरबारी जाणार नाही, राजाचे धन घेणार नाही, सभेत वाद करून कोणाला हरविणार नाही. त्यांचे दुखणे नेमके कोठे होते ते या तीन प्रतिज्ञांवरून कळते. नंतर मक्का आणि मदिना. आणि मग एक अगदी साधी गोष्ट घडली, जी विरक्तांच्या चरित्रांत सहसा येत नाही. मुलांची आठवण येऊ लागली, घरची बोलावणी येऊ लागली, आणि हा विरागी पुरुष घरी परतला. तूसला आल्यावरही त्यांनी शक्य तितका एकांत जपला. पण संसाराच्या अडचणी, पोटापाण्याच्या विवंचना त्यात व्यत्यय आणीत, आणि निर्मळ शांती अधूनमधूनच लाभे, हेही त्यांनी लपविलेले नाही.

येथे थोडे थांबावे लागते. गझालींना वर्षानुवर्षांचा एकांत परवडला. शेतमजुराला, विणकराला, चार लेकरांच्या आईला मनाचे दुखणे जडले तर तिने कोणता मनोरा गाठावा? तिला उपाय हवा तो तिच्याच गल्लीत, तिच्याच भाषेत, आणि तिच्या ऐपतीत. गझालींनी याचा विचार केला होता असे त्यांच्या ग्रंथांवरून स्पष्ट दिसते.

भ्रमंतीच्या वर्षांत त्यांनी इह्या उलूमुद्दीन, म्हणजे धर्मविद्यांचे पुनरुज्जीवन, हा चाळीस प्रकरणांचा महाग्रंथ रचला. त्याचे चार भाग; तिसऱ्यात माणसाचा घात करणाऱ्या वृत्तींचे वर्णन आहे. क्रोध, मत्सर, लोभ, कीर्तीची हाव, दंभ. आपल्या षड्रिपूंचीच ही भावंडे. परंतु नुसती निंदा करून ते थांबत नाहीत; प्रत्येकाचे निदान करतात, कारण शोधतात आणि वैद्यासारखा उतारा देतात. उष्णाने झालेल्या व्याधीवर जसे शीत, तसे अहंकारावर सेवेचे काम, कृपणतेवर दान. मात्र सर्व रोग्यांना एकच मात्रा देणारा वैद्य त्यांना मारूनच टाकील. म्हणून गुरूने शिष्याचे वय, प्रकृती आणि सोसण्याची शक्ती पाहून उपाय सांगावा, यावर त्यांचा फार कटाक्ष. आणि गुरूच मिळाला नाही तर? तर खरे बोलणारा मित्र गाठावा. तोही नसेल तर शत्रू आपल्याविषयी काय म्हणतो ते ऐकावे, कारण तो दोष शोधण्यात कसूर करीत नाही. तेही नको असेल तर लोकांत मिसळावे आणि दुसऱ्यात दिसलेला दोष आपल्यात शोधावा. या चारांपैकी एकालाही दमडी पडत नाही.

धार्मिक माणसाला विशेषेकरून जडणाऱ्या एका व्याधीचाही त्यांनी समाचार घेतला आहे. अरबीत तिला वसवास म्हणतात. हात शुद्ध झाले की नाही, म्हणून पुन्हा पुन्हा धुणे. प्रार्थनेचा संकल्प नीट झाला की नाही, म्हणून पुन्हा पुन्हा करणे. सोवळ्याओवळ्याच्या घरांत वाढलेल्यांना हे चित्र ओळखीचे वाटेल. याला पुष्कळजण भक्ती समजतात. गझाली व्याधी समजतात. त्यांच्या दीडशे वर्षे आधी बल्ख येथील अबू झैद अल् बल्खी या पंडिताने तर शरीर आणि मन या दोहोंच्या आरोग्यावर एकच ग्रंथ लिहून त्यात भय, क्रोध, विषाद आणि वसवास यांचा निरनिराळा विचार केला होता. कारण असलेले दुःख निराळे आणि कारणावाचून येणारा विषाद निराळा, हा भेद त्याने तेव्हाच ओळखला होता. घरात जशी औषधे आधीच जमवून ठेवावीत, तसे मन निरोगी असताना धीराचे विचार साठवून ठेवावेत, हा त्याचा सल्ला तर कोणालाही आचरता येण्याजोगा आहे.

आणखी दोन गोष्टी गझालींनी ठामपणे सांगितल्या. औषध घेतल्याने ईश्वरावरील भरवसा उणा होत नाही; तहानेला पाणी पिणे जसे भरवशाच्या आड येत नाही, तसेच हे. दुसरी गोष्ट अधिक बोचरी आहे. वैद्यक शिकणे हे साऱ्या समाजावरचे धर्मकर्तव्य असून, गावोगाव वैद्य दुर्मीळ आणि धर्मशास्त्राचे वादपटू मात्र उदंड, याचे कारण वादात पद, अधिकार आणि पैसा मिळतो, असे त्यांनी आपल्याच व्यवसायबंधूंना सुनावले.

नऊशे वर्षांनंतरही हा बोच गेलेला नाही. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी या दर्ग्याच्या गावी, मनोरुग्णांसाठी चालविलेल्या एका खाजगी आश्रयस्थानात आग लागली. रोगी साखळ्यांनी खांबांना जखडलेले होते. त्यांना पळता आले नाही. अठ्ठावीस जण दगावले. नातलगांनी त्यांना श्रद्धेने तेथे आणले होते; तेथे प्रार्थना होती, परंतु औषध नव्हते आणि महिन्याची तपासणीही नव्हती. पुढे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रोग्यास साखळीने बांधणे सरळ निषिद्ध केले. पण नुसत्या निषेधाने कोणी बरा होत नाही. गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यातील उनावा येथे मीरा दातार यांचा दर्गा आहे. तेथे पीडा घेऊन येणाऱ्यांत हिंदूही पुष्कळ असतात. २००८ पासून तेथे दवा आणि दुआ या नावाने एक उपक्रम उभा राहिला. दर्ग्याच्या मुजावरांनाच मनोरोगाची लक्षणे ओळखण्यास शिकविले. दुआ झाली की तेच भाविकाला जवळच बसलेल्या मानसोपचार डॉक्टरांकडे पाठवितात. जो माणूस अपरिचित डॉक्टरचा शब्द मानणार नाही तो मुजावराचा मानतो. सातासमुद्रापलीकडे शिकागोत २०१० मध्ये खलील सेंटर नावाची संस्था निघाली. मुसलमान रोग्यांना त्यांच्या धर्मभावनेचा आदर राखून आधुनिक पद्धतीने सल्ला द्यावा, आणि ज्यास शुल्क झेपत नाही त्याचा भार जकातीसारख्या धर्मदायातून उचलावा, असा तेथील विचार. जकात म्हणजे ऐपतदाराने आपल्या शिलकीतून दरवर्षी शेकडा अडीच या प्रमाणात द्यावयाचा धर्मभाग. घेणाऱ्याची मान खाली होणार नाही अशा रीतीने, शक्यतो गुपचूप, तो द्यावा, असे गझालींनी सांगून ठेविले आहे. मनाचे दुखणे सांगावयास आधीच लाजणाऱ्या गरिबाला या गुप्ततेचे मोल किती!

इह्या अरबीत होता. तूस-निशापूरच्या सामान्य जनांना अरबी कोठली येणार? म्हणून गझालींनी त्याचेच सार किमया-ए-सआदत या नावाने फारसीत, लोकांच्या बोलीत, उतरविले. ज्ञानेश्वर माउलींच्या आधी सुमारे दोनशे वर्षांची ही गोष्ट. हा ग्रंथ हिंदुस्थानातही आला, आणि अकबर बादशहाला जे ग्रंथ वाचून दाखवीत त्यांच्या यादीत अबुल फझलने त्याचे नाव नोंदविले आहे.

११०६ मध्ये निजामुल्मुल्कचा पुत्र फख्रुल्मुल्क याच्या आग्रहाखातर ते निशापूरच्या निजामियात पुन्हा शिकविण्यास बसले. हिजरी गणनेने बगदाद सोडल्याला तेव्हा अकरा वर्षे झाली होती, आणि महिनाही योगायोगाने तोच होता. याच सुमारास त्यांनी आपले आत्मकथन लिहिले. आपली जीभ कशी वळेनाशी झाली, घास कसा उतरेनासा झाला, वैद्यांनी काय निदान केले, हे सारे त्यांनी त्यात स्वहस्ते नोंदविले आहे. एवढ्या मोठ्या धर्माचार्याने आपले मनोदौर्बल्य असे उघड मांडावे, हे मला त्यांच्या सर्व पांडित्याहून मोठे धैर्य वाटते. दडवून ठेविले असते तर कोणाला कळणार होते?

अखेरीस ते तूसला परतले. घराला लागूनच त्यांनी विद्यार्थ्यांसाठी एक मदरसा आणि साधकांसाठी एक खानका चालविली. प्रचंड सभा नाही, दरबार नाही; येणाऱ्याबरोबर बसणे, शिकविणे, ग्रंथ वाचणे, प्रार्थना. १८ डिसेंबर ११११ रोजी, सोमवारी, पहाटे उठून त्यांनी वुजू केले, नमाज पढली आणि आपले कफन मागविले. बंधू अहमद यांनी सांगितल्याप्रमाणे, ते हाती घेऊन त्यांनी चुंबिले, डोळ्यांवर ठेविले, मक्केच्या दिशेस तोंड करून पाय पसरले, आणि सूर्य पुरता वर येण्यापूर्वी प्राण सोडला. मागे कन्याच होत्या. निर्वाहापुरते घरात होते. त्याहून अधिक धन लोकांनी देऊ केले असता त्यांनी ते कधी स्वीकारले नव्हते.